उमाबाईंनी घेतलेली पोच

नेकनूरच्या उमाबाई काही भांडखोर नाहीत. आपल्या किराणा दुकानात कुणी तोंड वाकडं केलं, तर त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवून मोकळ्या होतात. पण त्या सोमवारी सातवीतली रुद्राणी शाळेतून आली, कंपासपेटी उघडली आणि त्यातून आपलं इष्टलिंग काढून आईपुढं धरलं, तेव्हा उमाबाईंच्या काळजात चर्र झालं. लिंगायताच्या घरात ते तान्हेपणी गळ्यात येतं, मग झोपेतही उतरत नाही. पोरीनं ते पेन्सिलींत ठेवलं होतं.

"धर्मपाठाच्या तासाला पूजा असती. बाई म्हणल्या, गळ्यातला देव काढ, न्हाईतर बाहेर उभी रहा," म्हणत रुद्राणी रडायला लागली.

"जाऊ दी. एकच तर तास हाय," तिचा बाप श्रीशैल म्हणाला. "उद्या दाखला हातात दिला मंजी?"

"पण आमच्या नागरिकशास्त्रात उलटंच हाय," रुद्राणी म्हणाली आणि डोळे पुसत वाचू लागली. तिच्या शाळेसारख्या अनुदानित शाळेत धर्माच्या शिक्षणाची सक्ती करता येत नाही, पालकांची संमती लागते.

दुसऱ्या दिवशी उमाबाई, धर्मपाठाला आमची संमती नाही, अशा अर्जाच्या दोन प्रती घेऊन मुख्याध्यापकांपुढं बसल्या. सर हसले. "संमती तुम्हीच दिलीय, बाई. प्रवेशाच्या फॉर्मवर सही बघा."

सही त्यांचीच होती. मालाची पावती दोनदा वाचणारी ही बाई, शाळेचा कागद म्हणून डोळे झाकून सही करून आली होती. उमाबाईंना स्वतःचाच राग आला.

"दिलती," त्या म्हणाल्या. "आज काढून घेतली. अर्जाची पोच द्या."

"मग दाखलाच घेऊन जा."

"दाखला कावून? पोरगी हितंच शिकल. पोच न्हाई दिली तर हाच अर्ज बीडला शिक्षणाधिकाऱ्यांकडं देते. तवर बसते हितं. दुकान बंद करूनच आलेय."

तास गेला, मधली सुट्टी गेली. उमाबाई हलल्या नाहीत. शेवटी सरांनी शिक्का मारला.

उमाबाई तो कागद हातात धरून, छाती काढून, भर बाजारातून घरी आल्या. बातमी त्यांच्याआधी पोचली होती. संध्याकाळी लोक अर्जाचा नमुना मागायला आले आणि लिहून द्यायला बसला तो श्रीशैल.

पुढच्या सोमवारी धर्मपाठाच्या तासाला रुद्राणी गळ्यात लिंग घालून ग्रंथालयात गेली. तिच्या मागून इतकी पोरं आली, की बाकं कमी पडली.