पाण्याची ओळ

लातूरच्या कचेरीत माझं काम एकच. ठेकेदारांचे आकडे न बघता, सरकारी बांधकामाला खरोखर किती खर्च यायला हवा, ते आपलं आपण मांडायचं. शिरूर अनंतपाळकडच्या एका शाळेच्या खोल्यांचं अंदाजपत्रक होतं. जागा बघून आलो. तिथं पाणी नव्हतं, विहीर पार शिवारापलीकडं. म्हणून पाणी वाहणाऱ्या बाईची मजुरी मी वेगळी धरली.

साहेब हसले. "पाण्याचं कुणी धरतं का? ते येतंच."

माझं डोकंच फिरलं. येतंच म्हणजे? माझी आई अशाच बांधकामांवर वर्षानुवर्षं डोक्यावरून पाणी वाहायची. मी ती ओळ खोडली नाही.

रविवारी उदगीरला गेलो तेव्हा कच्चा कागद आईला दाखवला. तिला वाचता येत नाही. तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं आणि म्हणालो, "हे तुझं पाणी."

बोट तिथंच ठेवून तिनं विचारलं, "बाया किती धरल्यास?"

"एक."

"दोन कर. एकटीनं व्हत न्हाई."

"तू तर एकटीच आणायचीस."

"म्हणूनच सांगायलेय," आई म्हणाली.