पत्रा राहू द्या

"पत्रा काढू नका, अवो, राहू द्या," मी खालून ओरडले. नवरा छपरावर, दोन पत्रे आधीच खाली टाकलेले. पोरगी माझ्या कडेवर, तिची छाती घरघरत व्हती. तळ्यावर ड्रोन फिरत व्हता. नकाशासाठी मोजणी करणारे आले व्हते, आन आमी घर उघडं करायला बसलेलो.

आमची वाडी पनवेलच्या वरती, डोंगरातल्या तळ्याच्या काठाला. दिवाळी झाली की आमी वीटभट्टीवर जातो, पळस्प्याच्या पुढं. जाताना पत्रे संगतीच नेतो, तिथं खोपीवर घालायला. मागच्या खेपेला मोजणी झाली तवा सगळी वाडी भट्टीवर. वरून नुसत्या भिंती दिसल्या. नकाशात आमच्या इथं पडीक जागा दाखवली, आन नवा रस्ता तळ्याच्या पलीकडं, पाण्याच्या पंपापाशीच थांबला, वाडीपर्यंत आला नाय. मग बाळंतपणाला मला झोळीत घालून न्यायला लागलं. पोर वाटेतच झाली. तवापासून तिची छाती अशीच.

मी पळत मोजणीवाल्याकडं गेले. तो म्हणाला, आज पलीकडचा काठ, तुमची बाजू उद्या. उद्या आमी नसू, मी सांगितलं.

"ताई, वरून दिसतं तेच नकाशात येतं. छप्पर दिसलं तर घर. नाही दिसलं तर मी काय करू?"

खाली ट्रक हॉर्न देत व्हता. आमाला न्यायला आलेला भट्टीचा मुकादम हसला. "राजवाडा हाय का गं तुझा, फोटो काढून ठेवायला? चल, बस गाडीत."

नवऱ्याला म्हटलं, तुमी जा, मी राहते. पण भट्टीवर नवरा-बायकोची जोडी लागते, एकट्या गड्याला कोण ठेवतं. आन मागं राहून मी खाणार काय.

काढलेले दोन पत्रे नवऱ्यानं परत वर चढवले, त्यावर दगड ठेवले. आमी ट्रकात बसलो.

आता भट्टीवर प्लास्टिकच्या खोपीत हाय. थंडी सगळीकडून आत येते. पोरीची घरघर वाढलीय. मला रडू येत नाय, कायच येत नाय. नुसता तिच्या छातीवर हात ठेवून बसते. घर नकाशात आलं का, ते सांगायला कोणी आलं नाय. माझ्या जागी तुमी असता तर काय केलं असतं? पत्रा घरावर ठेवला असता, का पोरीच्या डोक्यावर?