स्पिंडलची वायर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि तिला तर मी चोरून ओढलेल्या बिडीचंसुद्धा सांगून टाकतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. ओळखीच्या माणसापुढे बसलो की मी दुसरंच काही बोलू लागतो — पाऊस, पंप, धानाचा भाव.

मुलचेऱ्यात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेले पंप येतात, मी तार गुंडाळून देतो. निताईदा शेजारच्या बंगाली गावातला सुतार. आईवडील निर्वासित म्हणून आले, हा मात्र इथेच जन्मला; घरात बंगाली, बाजारात आमची बोली. माझ्याहून मोठा, म्हणून मी त्याला निताईदा म्हणतो आणि तो मला भाऊ म्हणतो. आम्हा दोघांना मिळून एक खूळ लागलं. कॉम्प्युटरच्या हुकमावर लाकूड कोरणारं सीएनसी राउटर विकत आणायचं नाही, घरीच बनवायचं. सांगाडा त्याने आपल्या सुतारखान्यात उभा केला, तोही असा की टेबलावर पाण्याचा थेंब ठेवला तर हलणार नाही. मोटारी आणि सगळं वायरिंग माझं.

यंत्र समजायला सोपं आहे. तीन मोटारी त्याचं डोकं इकडेतिकडे, वरखाली सरकवतात, आणि त्या डोक्यात स्पिंडल — म्हणजे पातं धरून गरगर फिरवणारी आणखी एक मोटार. बाजूला लाल बटण. ते दाबलं की दोन्ही थांबलं पाहिजे, सरकणंही आणि पात्याचं फिरणंही. सुरुवातीला मी तसंच जोडलं होतं. एवढं तरी माझ्या बाजूने खरं आहे.

पण स्पिंडलचा करंट बटणाकडून त्याच्याकडे येणाऱ्या बारीक वायरमध्ये खोटे इशारे उठवायचा. कोणी बटण दाबलेलं नसताना स्पिंडल मध्येच बंद पडायचं, डोकं तसंच पुढे सरकायचं, पातं तुटायचं, फळी वाया. उपाय मला माहीत नव्हता का? चांगला माहीत होता. जाळीची केबल घ्यायची, तिला अर्थिंग द्यायचं, जोराच्या वायरपासून दूर न्यायची. केबल नागपूरहून यायची होती. आणि निताईदाच्या गावच्या दुर्गापूजेच्या मंडपाची कोरीव कमान आम्ही मोठ्या तोऱ्यात अंगावर घेऊन बसलो होतो.

त्याआधी त्यांची विश्वकर्मा पूजा आली. त्या दिवशी त्यांच्यात कोणी हत्याराला हात लावत नाही. करवत, रंधा, पटाशी, सगळं धुऊन पुसून मांडतात आणि हत्यारांना आराम. निताईदाने आमच्या यंत्रालाही शेंदूर लावला, जास्वंदीचं फूल ठेवलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "भाऊ, आज मशीनले हात नाई लावाचा बरं. तुह्या बोटाले लई खाज राह्यते." मी हसून शब्द दिला.

दुपारी सगळे जेवून पांगले आणि मी यंत्राच्या वायरिंगची पेटी उघडली.

काऊन उघडली? मलाच अजून नीट सांगता येत नाही. समोर बिघाड दिसतो आणि मी गप्प बसतो, हे माझ्याने कधी झालं नाही — पण हे कारण नाही, ही फुशारकी झाली. खरं म्हणजे मला तो दिवस मानायचाच नव्हता. बटणाकडून स्पिंडलकडे येणारी वायर मी काढली आणि तिच्या जागी तारेचा बोटभर तुकडा लावून टाकला. आता बटणाने फक्त डोकं थांबणार होतं. स्पिंडल बंद व्हायचं ते पेटीवरच्या स्विचने. रद्दी फळीवर चालवून पाहिलं. कुठे अडलं नाही. मी मनात स्वतःची पाठ थोपटली आणि फूल होतं तिथे परत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सांगायचं होतं. पण सांगणार कसं? वायर कधी काढली, हे त्याने पहिलं विचारलं असतं. दिलेला शब्द जेवल्या हातानेच मोडला, हे त्याच्या तोंडावर म्हणायचं? म्हटलं, केबल आली की पुन्हा सरळ करू. तोवर स्विचपाशी मीच उभा राहीन.

आणि राहिलोही. एक दिवस सोडून.

त्या दिवशी पंपाचं गिऱ्हाईक मला शोधत तिथे आलं म्हणून मी बाहेर गेलो. कोरता कोरता फळीतून एक मोठी ढलपी उचकटली. निताईदाने लाल बटण दाबलं. डोकं जागच्या जागी थांबलं. आमचं स्पिंडल पाण्यावर थंड होणारं, त्याचा आवाज आधीच कमी. भुसा ओढणाऱ्या यंत्राच्या घरघरीत तो ऐकूच येत नाही. आणि एवढ्या वेगात फिरणारं पातं डोळ्याला स्थिर वाटतं. त्याने सुताराच्या सवयीने तळहात फिरवून ढलपी काढायला हात घातला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

आता ऐका, खरं सांगायचं आहे ते इथून पुढे आहे. लोकांनी त्याला गाडीत घातलं. मला म्हणाले, चल. मी म्हणालो, "तुमी व्हा पुढं, मी मशीन बंद करून येतोच." गाडी गेली. मी पेटी उघडली, तुकडा काढला, वायर जिथली तिथे लावली. त्याचं रक्त टेबलावर तसंच होतं. ते मी नंतर पुसलं.

दुसऱ्या दिवशी त्याचा मोठा भाऊ गावातल्या चारचौघांना घेऊन आला. मी यंत्र सुरू केलं, लाल बटण दाबलं, सगळं थांबलं. "पाहा," म्हणालो. त्यांनी पाहिलं. थांबायच्या आतच निताईने हात घातला असेल, घाईचाच आहे तो, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं. मी मान हलवली.

कधीतरी सांगेन, असं मी स्वतःला बजावत राहिलो. मग एका संध्याकाळी तोच माझ्या दुकानात आला, हाताला पट्टी, आणि स्टुलावर बसला.

"भाऊ, कोणाले सांगू नोको. पूजेच्या दिवशी मी एक खिळा ठोकला होता. शेजारच्या लेकराचा पाळणा निखळून राह्यला होता, पडलं असतं ना ते. म्हटलं, एकच तं खिळा. पण देवानं पाह्यलं."

तो रडत होता. सांगायला याहून चांगली वेळ मला मिळणार होती का? बोलायचं फक्त एक वाक्य होतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे निताईदा. देव एवढ्याशा गोष्टीचा राग नाई धरत." त्याला बरं वाटलं. माझे आभार मानून गेला. त्याने न केलेल्या गुन्ह्याची माफी मी त्याला दिली, आणि ती देताना माझा आवाज जरासुद्धा कापला नाही.

नंतर केबल आली. वायरिंग मी शिस्तीत केलं. तेव्हापासून यंत्र एकदाही खोटं थांबलेलं नाही. कोरीव काम आता तेच करतं. निताईदा पटाशी धरत नाही, तो घासतो आणि पॉलिश करतो. आलेल्या गेलेल्याला कौतुकाने सांगतो की वायरिंग आमच्या भाऊचं आहे.

विश्वकर्मा पूजेला तो आता कडक उपास करतो, पाणीही घेत नाही. त्या एका खिळ्यासाठी. याही वर्षी केला. सगळ्यांना वाढायला तो स्वतः उभा होता, डाव्या हातात बादली, उरलेल्या बोटांत पळी. खिचडी छान झाली होती. मी दुसऱ्यांदा वाढून घेतली.