देवपूरच्या गॅरेजची तिसरी खेप

सकाळी सहाला बोदवडजवळचं आमचं गाव सोडलं. शेजारी वडील होते. त्यांना आम्ही आबा म्हणतो. गाडी जुनी, वापरलेली घेतलेली, चारही चाकं ओढणारी ऑटोमॅटिक. तिचा मूळ गिअरबॉक्स गेला तेव्हा धुळ्याला, देवपुरातल्या एका गॅरेजमध्ये दुसरा बसवला. तो चार महिन्यांत गेला. तिसरा बसवला, आणि दोन महिने होतात न होतात तोच पुन्हा तेच. इंजिन ओरडतं, गाडी मात्र मध्येच ओढेनाशी होते.

मी जळगावच्या एका तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच, आणि ते आबांमुळे. मागच्या खेपेला गॅरेजमधले दगडूनाना, जे गिअरबॉक्सचं काम करतात, त्यांना मी चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो होतो, "न शिकलेल्या माणसाकडे असलं काम द्यायलाच नको." मालकांनी तिथल्या तिथं नानांना बजावलं होतं की ही गाडी परत आली, तर गिअरबॉक्सला हात लावायचा नाही, गाड्या धुवायच्या. आज मी तेच करून घ्यायला निघालो होतो.

जळगावपर्यंत केळीच्या बागा सोबतीला होत्या. एरंडोलनंतर दोन्हीकडे कपाशी लागली. पारोळा सोडलं आणि सपाट रस्त्यावर गाडीचा दम गेला. कडेच्या टपरीवर थांबलो. आईने बांधून दिलेले फुनके (तुरीच्या भरड डाळीचे वाफवलेले गोळे) काढले. टपरीवरच्या अक्का चहा गाळता गाळता म्हणाल्या, "ना घाट, ना चढ. तरी गाडी दमनी?" (दमली?)

आबा म्हणाले, "पोरगं शिकेल आहे बाई. गाडीच अडानी निघाली." (शिकेल, म्हणजे शिकलेलं.)

अक्का हसल्या. मी हसलो नाही. गाडी थंड झाल्यावर रखडत निघालो. धुळ्यातला पांझरा नदीचा पूल ओलांडला तेव्हा अकरा वाजले होते.

गॅरेजमध्ये नाना जमिनीवर बसून नट पुसत होते. मला पाहून उठले, "या सर," एवढंच म्हणाले. मी इंजिन चालूच ठेवलं. त्यांनी बॉनेट उघडून गिअरबॉक्सची तेल मोजायची पट्टी काढली आणि पांढऱ्या कागदावर टेकवली. हे तेल लाल असतं, सरबतासारखं. कागदावर मातकट पिवळा डाग उमटला. तेल खुणेच्या पुष्कळ वर होतं. नानांनी बोट नाकाजवळ नेलं.

"सर, हाई मनं तेल नही शे. कोनी टाकं?" (हे माझं तेल नाही. कुणी टाकलं?)

मी उत्तर देण्याआधी आबा पुढे झाले. "म्या टाकलं. टॅक्टरचं आहे, चांगलं आहे. हप्त्याले गलासभर."

दर शनिवारी मी गावी जातो. रविवारी पहाटे, मी झोपलेला असताना, आबा गाडी पुसतात, पाणी बघतात, तेल बघतात. ट्रॅक्टरच्या गिअरलाही तेच, हायड्रॉलिकलाही तेच. घरात एकच डबा. "लेक लांब जातो," ते नानांना सांगत होते, "म्हटलं, कोरडी नको जायला."

तो डबा मी चाकाजवळ कितीतरी रविवारी पाहिला होता. कशाला आहे, हे विचारलं नाही. वंगणाचा धडा मी दर वर्षी शिकवतो आणि माझ्याच गाडीची ती पट्टी एकदाही ओढून पाहिलेली नव्हती.

"बठ्ठं काढनं पडी," नाना म्हणाले. (सगळं काढावं लागेल.) नवं भरायचं, थोडं चालवायचं, पुन्हा काढायचं; कदाचित हा गिअरबॉक्स वाचेल.

तेवढ्यात मालक बाहेर आले. "काय नाना, आली ना परत?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. बोलायला हवं होतं ते मी. मी खिशातून मोबाईल काढला आणि काहीतरी वाचू लागलो.

आबा मालकांपुढे गेले. टोपी काढून हातात घेतली. "शेठ, या मानसाचं काही चुकलं नाही. टॅक्टरचं तेल टाकून दोन्ही बॉक्स म्या खराब केले. मले समजत नव्हतं."

"आबा, हा ट्रॅक्टर आहे का?" मालक म्हणाले आणि नानांना तेल काढायला खुणावलं. बाकावर बसलेली गिऱ्हाइकं हसली. आबाही थोडे हसले. मी वर पाहिलं नाही.

नंतर नाना हात धुवायला पाण्याच्या टाकीकडे गेले, तेव्हा मी मागोमाग गेलो. म्हणालो, "नाना, माझ्याकडून फार चूक झाली. मला क्षमा करा." त्यांनी साबण लावला, हात धुतले.

"व्हई गयं सर," ते म्हणाले. (झालं गेलं.) "च्या ल्या." (चहा घ्या.)

गाडी तिथंच सोडून आम्ही एसटीने परतलो. आबा खिडकीशी बसून शेवटपर्यंत बाहेरच्या कपाशीबद्दल बोलत राहिले, कुठे बोंड चांगलं धरलंय, कुठे पाणी कमी पडलंय. एरंडोल गेल्यावर मला एक गोष्ट लक्षात आली आणि मग बसमध्ये बसवेना. नानांना मी बोललो होतो ते सगळ्यांच्या देखत. क्षमा मागितली ती टाकीमागे, आजूबाजूला कुणी नाही हे बघून.

शनिवारी गाडी आणायला जायचं आहे. मालक आणि बाकावरची गिऱ्हाइकं असताना नानांशी बोलायचं, असं ठरवलं आहे. ज्या आबांना त्या दिवशी मालकांपुढे एकट्याने बोलू दिलं, त्यांना सोबत येण्याविषयी अजून विचारलेलं नाही.