एका पुस्तकाच्या मागे, निलंग्यापर्यंत

नांदेडच्या बसस्थानकावर सकाळी मी हदगावच्या गाडीत बसले, तोवर घरातल्या सगळ्यांनी मला अडवून पाहिलं होतं. नवरा जाऊन चार महिने झालेली बाई एकटी कुठे निघाली, ही नणंदेची काळजी. पुस्तक आणायला, असं सांगितल्यावर ती जास्तच घाबरली. देवदर्शनाला निघाले असते तर तिनं डबा करून दिला असता.

पुस्तक म्हणजे एक ऐतिहासिक रहस्यकादंबरी. नाव सांगत नाही; सांगितलं तर तुम्हीही मागाल, आणि रांग आधीच मोठी आहे. कंधारच्या किल्ल्यात किल्लेदाराचा खून होतो आणि तो कुणी केला हे कळायला तीनशे वीस पानं लागतात. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे असली पुस्तकं न वाचताच त्यांच्याविषयी माझं मत तयार होतं. ह्यांनी मात्र शेवटचे तीन महिने तेवढंच एक हातात धरलं. घशाच्या ऑपरेशनमध्ये ह्यांचा आवाज गेला होता. माझ्याशी बोलायला पाटी होती. तिच्यावर मला मिळायचं: पाणी. उशी. खिडकी लाव. एकदा मोठ्या अक्षरात आलं: पान साठ. खुनी सापडला! उरलेला दिवस हे पुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं बारीक काहीतरी लिहीत बसत. अडतीस वर्षांच्या संसाराअखेर माझ्या वाट्याला पाटी आली आणि किल्लेदाराच्या वाट्याला गप्पा.

तेराव्याला हदगावचे मधुकरराव, ह्यांच्या कचेरीतले जुने सोबती, म्हणाले, "वहिनी, ते पुस्तक नेऊ का?" त्या दिवशी कुणी घराचं दार मागितलं असतं तरी मी ‘न्या’ म्हटलं असतं. परवा कपाट आवरताना लक्षात आलं, की ह्यांचं शेवटचं सगळं बोलणं मी हदगावला पाठवून दिलं आहे. माझ्याशी न बोललेलं असं काय होतं त्यात, ते मला वाचायचं होतं. म्हणून हा प्रवास.

हदगावच्या वाटेवर कापसाची शेवटची वेचणी चालली होती. रस्त्याकडेच्या बाभळींना गाड्यांवरून उडालेला कापूस अडकलेला, जणू झाडांनाच पट्ट्या बांधल्या होत्या. मधुकरराव मुलाच्या बी-बियाण्यांच्या दुकानात खुर्ची टाकून बसले होते.

"पुस्तक? ते कवाच लातूरला अप्पांकडं गेलं, वहिनी. वाचून झालं की पंधरा दिवसांत पुढच्याला द्यायचं, शेवटच्या पानावर नाव-गाव लिहायचं आन् शेवट कुणाला सांगायचा न्हाई. ज्यानं सांगितला त्याचं नाव कटाप. कचेरीत असल्यापासून साहेबांनीच घालून दिलेला नियम हाय."

"कडेला लिहिलेलं वाचलंत का?"

"लई बारीक होतं. मी आपलं छापलेलं वाचलं. पण काय रंगलो! जेवणाची शुद्ध न्हाई राह्यली. विचारा हिला."

"जेवायला बरोबर उठायचे," आतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "मला दवाखान्यात न्यायचं तेवढं विसरले."

त्यांनी चहा दिला, दुःखात खावं म्हणून चिवडा दिला आणि दुःखात एवढा प्रवास करू नये असा सल्ला दिला. तिन्ही घेऊन मी संध्याकाळी नांदेडला परतले. नणंदेनं रिकामे हात पाहिले आणि तिचं समाधान झालं.

दुसऱ्या दिवशी लातूरची गाडी. शेजारी बसलेल्या बाईंनी लोह्याच्या पुढे पदरातली बोरं माझ्या हातावर ठेवली आणि मोबदल्यात माझी सगळी माहिती काढून घेतली.

"पुस्तकासाठी निघालाव? फुकट वाटून राहिले का?"

"नाही. आमचंच आहे."

"मंग दिलंच कशाला?" असं म्हणून त्या अहमदपूरला उतरल्या. चार महिन्यांत मला भेटलेल्या शहाण्या माणसांत त्यांचा नंबर पहिला.

लातूरचे अप्पा गंजगोलाईजवळ लग्नपत्रिका छापतात. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आवाज भरघोस. "शरणार्थी, मॅडम!" (लिंगायत मंडळींचा नमस्कार) म्हणत त्यांनी मला बसवलं आणि सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा पदार्थ) मागवला. तो उत्तम होता. पुढे काय ऐकायला मिळणार आहे हे माहीत असतं तर मी आधी खाऊन घेतला असता.

"तुमच्या साहेबांनी घोळच घालून ठेवला होता," अप्पा म्हणाले. "नियम त्यांचाच, आन् साठाव्या पानावर सरळ लिहून मोकळे, खुनी हकीम म्हणून! पुढच्या माणसानं वाचायचं कसं?"

"मग तुम्ही काय केलंत?"

"दुकानात खळ तयारच असती. पत्रिकांचे उरलेले कागद कापले आन् जितकं म्हणून पेन्सिलचं होतं, तितक्यावर पट्ट्या चिकटवल्या. पहिल्या पानापासून शेवटल्या पानापर्यंत. दोन दिवस लागले मला. एक पट्टी वाकडी दाखवा."

माझा घास हातातच राहिला. रागवायचीही सोय नव्हती. तो माणूस आभारांची वाट बघत होता.

"सगळीकडे खुन्याचंच लिहिलं होतं का?"

"ते कोण बघत बसतंय? हकीम दिसला, तितकं बास झालं. मी बी पुढं वाचलं न्हाई. खुनी कळल्यावर वाचून काय करायचं?"

ज्यानं पुस्तक साठ पानांच्या पुढे वाचलं नाही, त्यानं पुढच्या वाचकांच्या आनंदासाठी तीनशे वीस पानं चिकटवली. सार्वजनिक कार्य असंच होत असावं. मी आभार मानले. पुस्तक आता त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, निलंग्याच्या शांताक्कांकडे होतं.

औशाच्या पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा एक ट्रॅक्टर आमच्यापुढे आला आणि निलंग्यापर्यंत जाण्याची घाई सोडून द्यावी लागली. वारा आला की उसाची पाचट खिडकीतून आत येई. निलंग्यात स्थानकाबाहेर गाड्यावर पिवळा, झणझणीत निलंगा राईस (इथला न्याहारीचा मसालेभात) खाल्ला. गाडेवाला एका गिऱ्हाइकाशी कानडीत भांडत होता आणि दुसऱ्याशी मराठीत हसत होता.

शांताक्का ओसरीवर काळा चष्मा लावून बसल्या होत्या. मांडीवर पुस्तक. पट्ट्यांमुळे ते फुगून मिटेनासं झालं होतं, अपघातातून उठलेल्या माणसासारखं.

"न्या की बाई, तुमचंच हाय," त्या म्हणाल्या. "पर माझी चाळीस पानं राह्यली. डोळ्याचं ऑपरेशन झालं, वाचायला बंदी. सून वाचून दाखवती, पर वर्णनं गाळती."

"चंद्र उगवला की दोन पानं जातात, आत्याबाई," सून स्वयंपाकघरातून म्हणाली. "भाकरी कोण करणार, चंद्र?"

"बघा. माझा खुनी मला द्या आन् पुस्तक घेऊन जा."

मग मी वाचायला बसले. ज्या पुस्तकाला कधी हात लावला नव्हता, त्याची शेवटची चाळीस पानं चंद्रासकट मोठ्यांदा वाचली. सून पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली ती हललीच नाही; भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा अक्का म्हणाल्या, "करपू दे. पुढं." खुनी कोण ते मी तुम्हाला सांगणार नाही, नियम आहे. हकीम नव्हता, एवढं सांगितल्यानं तो मोडत नसावा.

"अय्यो!" अक्का म्हणाल्या. "मंग माझ्या भावानं झाकलं काय?"

ते बघायला आम्ही ओलं फडकं घेतलं आणि अर्धी रात्र जागलो. एकेक पट्टी भिजवायची, थोडं थांबायचं, नखानं उचलायची. साठाव्या पानावर ह्यांचं अक्षर वर आलं: "खुनी हकीमच. शंका नको." पुढे खुनाचा विषय कमी कमी होत गेला. "किल्लेदाराचं बरं, एका घावात सुटला." "आज चहात साखर विसरली. पाटीवर लिहिलं तर रडेल. प्यालो." "ही खिडकीशी पाठमोरी उभी असते. पाटी दाखवायची तर वळवावं लागेल. नको, रडून होऊ दे."

"काय लिवलंय?" अक्का विचारत होत्या.

मी त्यांना हकीम आणि किल्लेदार तेवढे वाचून दाखवले.

शेवटच्या पानाची पट्टी मात्र अक्षरं घेऊनच निघाली. पानावर नुसता ओला डाग राहिला आणि लिहिलेलं पट्टीच्या मागे उलटं उमटलं. सुनेनं भिंतीवरचा आरसा काढून आणला. मी पट्टी त्याच्यापुढे धरली. आरशात आधी माझंच तोंड दिसलं, चार महिन्यांत मी ते नीट पाहिलं नव्हतं, आणि त्याच्या खाली ह्यांचं अक्षर: "हकीम नव्हता. पाटीवर मोठ्या ऐटीत सांगून बसलो. पुढच्या वाचकांनी हिला कळू देऊ नये."

अक्कांनी चष्म्याआडून माझ्याकडे तोंड केलं. "वाईट हाय का काही?"

"नाही," मी म्हटलं. "पुस्तकाविषयीच आहे."

अक्कांनी सुनेकरवी शेवटच्या पानावर आपलं नाव लिहवून घेतलं आणि पेन माझ्यापुढे केलं. "तुम्ही बी लिवा. चाळीस पानं वाचलाव की." पुढचा नंबर उदगीरच्या एका निवृत्त पोस्टमनचा होता. म्हणजे नियमानं माझ्या हातात पंधरा दिवस होते. मी पुस्तक कायमचं घरी न्यायला आले होते; पण नाव लिहिल्यावर मी रांगेतलीच एक झाले.

सकाळी परतीच्या गाडीत पहिल्या पानापासून सुरुवात केली. कादंबरी बरी आहे. चंद्र फार उगवतो. ती उलट्या अक्षरांची पट्टी पर्समध्ये ठेवली. पट्टी अप्पांच्या दुकानातली, पुस्तकाची नाही, तेव्हा ती ठेवून घेतल्यानं पुढच्यांचं काही नुकसान नव्हतं. नांदेड जवळ आलं तेव्हा मी साठाव्या पानावर होते. ‘खुनी हकीमच’च्या शेजारी पोस्टमनसाहेबांसाठी सूचना लिहायला पेन्सिल काढली, तीस मुलांच्या वह्या तपासाव्यात तशी क्षणभर धरली आणि लिहिलं: "बरोबर."

उदगीरची दिशाभूल होईल. होऊ दे.