कल्याण ते घोडबंदर: भावजी पाण्यातून, आम्ही स्कूटरवरून

भावजींनी रजेवर आल्या आल्या जाहीर केलं, "फौजेची होड्यांची शर्यत हाय. कल्याणपासून घोडबंदरपर्यंत. आपल्या काल्हेरवरनंच जानार!" झालं, माझी आणि इक्बालची सहल तिथेच ठरली. ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. भावजी म्हणजे ताईचा नवरा, फौजेत हवालदार, काल्हेरच्या खाडीत डुंबत वाढलेला. इक्बाल भिवंडीत आमच्याच गल्लीत राहायचा. लूमचा मालक, माझा दोस्त आणि मुख्य म्हणजे स्कूटरवाला.

सकाळी कोन नाक्यावर खिमा-पाव हाणून कल्याण गाठलं. शर्यत बघायला जाताना पोट भरून जावं, कारण वाटेत फक्त धूळ मिळते. दुर्गाडी किल्ल्याखाली दोन-दोन जवान बसलेल्या लांबट होड्या ओळीने उभ्या होत्या. ओहोटीच्या पाण्याबरोबर निघायचं, असा बेत होता. पण प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि मग शिस्तीवर बराच वेळ बोलले. तेवढ्यात निम्मी खाडी निघून गेली.

"तुझे भावजी पाण्यात जानार का पाणी त्यांच्या आधी?" इक्बालने विचारलं.

होड्या एकदाच्या सुटल्या आणि आम्ही स्कूटरवरून रांजणोलीवरून मानकोलीकडे वळलो. ट्रकांमधून वाट काढताना कंबरेचे काटे ढिले झाले, पण काठावर पोचलो तर भावजींची होडी तिसरी! मागे बसलेला त्यांचा जोडीदार बलदेव, पंजाबचा गडी, वल्हं असं मारत होता जणू पाण्याने त्याचं घोडं मारलं होतं. आम्ही आरोळ्या ठोकत काल्हेरला पळालो.

तिथे अख्खं गाव काठावर. हार, ताशा, आणि ताईच्या सासूबाई जेवणाचा डबा घेऊन सर्वांत पुढे. पहिल्या दोन होड्या पलीकडच्या खोल पाण्यातून गेल्या. भावजींना गावासमोर जरा मिरवायचं असावं. ते अलीकडून आले आणि ऐन गावासमोर चिखलात रुतले.

गाव हळहळलं. सासूबाई ओरडल्या, "आरं पोरांनो, बघतांव काय? ढकला त्याला!"

पाच-सहा जण लुंग्या खोचून चिखलात उतरलेही. भावजी जिवाच्या आकांताने हात हलवत होते, "हात लावू नका! बाद करतील!" पण ताशापुढे कोणाला ऐकू जाणार? पंचांची मोटरबोट मागून येतच होती.

तेवढ्यात माझी ताई, जी लग्नापासून सासूसमोर मान वर करून बोलली नव्हती, साडी खोचून चिखलात घुसली आणि दोन्ही हात पसरून त्या गड्यांसमोर उभी राहिली.

"खबरदार कोणी होडीला हात लावला तर! आणि आई, तुम्ही गप्प बसा!"

ताशा थांबला. गडी होते तिथेच थिजले. सासूबाईंच्या तोंडाचा आ झाला. इक्बाल माझ्या कानात पुटपुटला, "या अल्लाह."

भावजी आणि बलदेव खाली उतरले आणि मांडीभर चिखलातून स्वतःच होडी ओढत पाण्याकडे निघाले. बलदेवचा बूट चिखलाने कायमचा ठेवून घेतला. तेवढ्यात चार होड्या पुढे गेल्या.

आम्ही कशेळीचा पूल ओलांडून ठाण्यामार्गे घोडबंदरला पोचलो. तेव्हा त्या रस्त्याला झाडी होती, रहदारी नव्हती. भावजी सातवे आले. प्रमुख पाहुणे कधीच निघून गेले होते. किनाऱ्यावर आडवे पडून भावजी मला म्हणाले, "तुजी बहीन पंचांपरीस भारी निघाली रं." आणि चिखलाने माखलेल्या तोंडाने हसत सुटले.

आज ही सहल करायची असेल तर खाडी गोदामांच्या मागे शोधावी लागेल. स्कूटर मात्र चालेल, ट्रकांची सवय हवी.

संध्याकाळी काल्हेरहून ताईला घेऊन आम्ही भिवंडीला परतलो. आता सासरी कसं जायचं, म्हणून ती रडत होती. दोन दिवसांनी सासूबाई स्वतः दारात हजर. आमची आई घाबरली. त्या खाली टेकल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "सुनेला न्यायला आलंय. गोदामवाल्यानं आमच्या वाटेवर ट्रक लावलाय, कोनाचा ऐकत न्हाय. हिला जरा वरडायला सांगा."