वानोळ्याची वाटी

सिंदी मेघेला आमच्या शेजारी बंडोपंत राहायचे. वर्ध्याच्या एका कॉलेजात रसायनाच्या प्रयोगशाळेत नोकरी. मूलबाळ नाही आणि बायको, सुमतीवहिनी, चौऱ्याहत्तर साली गेलेल्या. त्यांच्या प्लॉटवर पूर्वी कातड्यांचं गोदाम होतं. कीड लागू नये म्हणून कातड्यांना सोमल लावत, ते विष वर्षानुवर्षं मातीत मुरलेलं. अशा जागेत या शहाण्या माणसाने टमाटे लावले. बी वहिनींच्या माहेरचं, गिरडचं. चपटं, खाचाखाचांचं फळ, आसपास कुणाकडेच नव्हतं.

पहिल्या तोड्यातून शेजाऱ्यांना वानोळा द्यायची आमच्याकडे रीत. आणि वानोळ्याची वाटी रिकामी परत करायची नाही, चिमूटभर साखर तरी घालायची. बंडोपंत वाटी भरून टमाटे आणायचे. मी हसून घ्यायची, साखर घालून वाटी द्यायची आणि त्यांची पाठ वळली की टमाटे मागच्या उकिरड्यावर फेकायची. सगळी आळी तेच करायची. माझी दोन लेकरं लहान होती, जीव धजायचा नाही.

आम्ही ते खात नाही अशी त्यांना शंका आली असावी. एका वर्षी त्यांनी अख्खं झाड उपटलं. मूळ, खोड, पान, फळ वेगवेगळं वाळवून नागपूरला तपासायला पाठवलं. उत्तर आलं त्या दिवशी कागद घेऊन लगबगीने आमच्या दारात आले. सोमल बहुतेक सगळं मुळातच सापडलं होतं, फळात नावापुरतं. त्यांना आत या म्हणायचंही मला सुचलं नाही.

"मूळ त्याले खत समजून आत घेते, बाई," ते म्हणाले. "मंग थोडं बाहेर ढकलते, बाकीचं आपल्यापाशीच बांधून ठेवते. वर जाऊ देत नाई. धुऊन खाजा, काई होत नाई."

मी मान डोलावली आणि टमाटे पुन्हा उकिरड्यावर गेले. ते स्वतः रोज तेच खायचे, ओट्यावर एकटे बसून. ठणठणीत होते.

त्र्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर आमच्या उकिरड्यावर टमाट्याचं झाड लदलदून गेलं. आपल्याच अंगणातलं म्हणून आम्ही निर्धास्त खाल्लं, लेकरांनाही दिलं. मग रीतीप्रमाणे वाटी भरून मी बंडोपंतांकडे गेले. इतक्या वर्षांत त्यांच्या घरी मी पहिल्यांदा काही नेत होते. त्यांचा चेहरा एवढा खुलला की मलाच कसंसं झालं.

त्यांनी एक फळ उचललं, खाचांवरून अंगठा फिरवला.

"कुठी लावले तुमी हे?"

"लावले नाई," मी बोलून गेले. "उकिरड्यावर आपोआप आले."

आणि मग माझं मलाच कळलं. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नाही. त्यांनी हातातलं फळ वाटीत परत ठेवलं. टमाटे घेऊन आत गेले.

संध्याकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर माझी वाटी होती. घासून लख्ख केलेली. आत साखरेचा दाणासुद्धा नव्हता.